स्मिथांची टोपली

मृदुला जोशीला आडनावांची गर्दी नवी नव्हती. पुण्यात फार्मसीच्या कॉलेजात तिच्या वर्गात सात जोशी होते, आणि त्यात दोन मृदुला व्ही. जोशी. तिसऱ्या वर्षी विद्यापीठाने एकीचे औषधशास्त्राचे गुण दुसरीला देऊन टाकले. आपली मृदुला नापास झाली, दुसरी पहिल्या वर्गात आली आणि तिने पेढे वाटले. मृदुलाने त्यातला एक खाल्लाही होता. पुढे सात महिने आणि अकरा अर्ज खर्ची पडल्यावर विद्यापीठाने चूक मान्य केली, पण ती अशा भाषेत की चूक मृदुलाच्या आईवडिलांनी बारशाला केली असावी. दुसऱ्या मृदुलाने नंतर तिच्याशी नजर मिळवली नाही. आपली मृदुला तेव्हापासून कुठल्याही कागदावर नाव दिसलं की आधी तारीख आणि पत्ता वाचते.

आडनाव बदलायची संधी बाईला साधारण एकदा मिळते. मृदुलाने ती श्रीनाथ जोशीशी लग्न करून वाया घालवली.

२००९ साली दोघं ऑकलंडला आली. श्रीनाथला माउंट वेलिंग्टनच्या एका कंपनीत संगणकाचं काम होतं. मृदुलाची पदवी इथे चालत नव्हती. आधी परीक्षा, मग एक वर्ष कुणाच्या तरी हाताखाली काम, मग नोंदणी, असा लांबचा रस्ता होता. त्या रस्त्याच्या सुरुवातीला, २०११च्या मार्चमध्ये, ती मनुरेवातल्या एका जुन्या औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून लागली. मालक डेरेक हा स्वतः फार्मसिस्ट, आधीच्या मालकाचाच मुलगा. पण दुकान चालवत बेवबाई. त्यांचं नाव नुसतं बेव होतं आणि सगळे त्यांना बेवच म्हणत. 'बाई' हे मृदुलाने घरी बोलताना लावलं आणि ते चिकटलं. साठीच्या, बुटक्या, गळ्यात साखळीला चष्मा. १९८८पासून काउंटरवर.

पहिल्या दिवशी बेवबाईंनी तिला मागची मांडणी दाखवली. तयार झालेली औषधं कागदी पिशव्यांत घालून, पिशवीवर नाव चिकटवून, आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे फळ्यांवर लावलेली. ए, बी, सी करत एसपर्यंत आल्यावर फळीशेजारी एक पिवळी प्लास्टिकची टोपली होती. तिच्यावर मार्करने लिहिलं होतं : स्मिथ.

"हे काय?" मृदुलाने विचारलं.

"हे स्मिथ," बेवबाई म्हणाल्या. "ते फळीवर जात नाहीत. टोपलीतली पिशवी द्यायची तर आधी जन्मतारीख, मग पत्ता, मग पिशवी उघडून गोळ्या दाखवायच्या. ओळखीचा असला तरी. रडायला लागला तरी."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना आपण ओळखतो, डार्लिंग."

टोपलीला इतिहास होता. १९९० साली डेरेकच्या वडिलांच्या काळात एका जॉन स्मिथच्या गोळ्या दुसऱ्या जॉन स्मिथला गेल्या. दुसरा जॉन स्मिथ आठवडाभर हॉस्पिटलात राहून परत आला आणि दुकानात उभा राहून म्हणाला की पहिल्याच्या गोळ्या त्याच्या स्वतःच्या गोळ्यांपेक्षा चवीला बऱ्या होत्या. सगळे हसले. त्याच संध्याकाळी बेवबाईंनी शेजारच्या दुकानातून टोपली आणली. त्यानंतर टोपलीतून एकही पिशवी चुकीच्या हाती गेली नाही.

मृदुला लागली तेव्हा दुकानाच्या संगणकात त्रेचाळीस स्मिथ होते, त्यातले अकरा 'जे' स्मिथ. बेवबाई त्यांना पाठमोरंही ओळखत. कबुतरवाला स्मिथ, बसवाला स्मिथ, दोन्ही गुडघे बदललेला स्मिथ, गप्प स्मिथ. मृदुलाला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तिच्या आजोळी पंचांगवाले जोशी, सायकलवाले जोशी आणि कोर्टात हरलेले जोशी असे वेगवेगळे ओळखले जात. जग इथून तिथून सारखंच आहे, फक्त इथे जोशांना स्मिथ म्हणतात, असं तिने त्या रात्री जेवताना सांगितलं.

"आणि तुला काय म्हणतात?" श्रीनाथने विचारलं.

"जोशी. नुसतं जोशी. दुकानात मी एकटीच आहे."

ती हे जरा अभिमानाने म्हणाली. तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या आडनावाने एकच माणूस वळून बघत होतं.

पुढच्या पाच वर्षांत मृदुलाने परीक्षा दिल्या, हाताखालचं वर्ष केलं, २०१४मध्ये नोंदणी झाली आणि ती त्याच दुकानात फार्मसिस्ट झाली. बेवबाईंनी केक आणला. त्याच काळात बाहेरचा रस्ता बदलत होता. घरांच्या किमती अशा चढल्या की आयुष्यभर बस चालवलेल्या स्मिथला कळलं, आपण बसमध्ये नाही, लॉटरीत बसलो होतो. त्याने घर विकलं आणि टॉरंगाला समुद्राजवळ राहायला गेला. कबुतरवाला मुलीकडे ऑस्ट्रेलियात गेला. कबुतरं शेजाऱ्याला दिली, ती रोज परत जुन्याच छपरावर येत. दोन्ही गुडघेवाला मेमोरियल गार्डन्सच्या कबरस्तानात गेला, आणि तिथे त्याला गुडघ्यांचा उपयोग नव्हता. त्यांच्या घरांत जे आले ते सिंग होते, कौर होत्या, पटेल होते, फिजीहून आलेले प्रसाद होते. मुलं होती, आजारी आजीआजोबा होते, म्हणजे औषधांची गिऱ्हाइकं भरपूर. दुकान उलट जोरात चाललं.

फक्त फळ्यांची मांडणी तीच राहिली. एसची फळी सिंगांनी इतकी भरली की पिशव्या एकीवर एक रचाव्या लागत. केच्या फळीवर कौरांनी केनेडी आणि किंग यांना कोपऱ्यात दाबलं. पीची फळी तर दिवाळीच्या आदल्या दिवशीच्या मिठाईच्या दुकानासारखी. आणि शेजारी ऐसपैस पिवळी टोपली, तिच्यात तीन पिशव्या. त्या तिघांना जन्मतारीख विचारली जायची, पत्ता विचारला जायचा, गोळ्या दाखवल्या जायच्या. बाकी साठ सिंगांना बेवबाई आणि मृदुला 'ओळखत' होत्या.

हे मृदुलाला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण पाच वर्षं रोज दिसणारी गोष्ट माणूस बघत नाही.

२०१६च्या ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी, दुपारी तीनच्या सुमारास, मंजुलाबेन पटेल आल्या. पंचाहत्तरीच्या, गुजराती पद्धतीची साडी, वर मुलाचं जॅकेट. मुलाची डेअरी, म्हणजे इथल्या भाषेत कोपऱ्यावरचं दूध-ब्रेड-सिगारेटचं दुकान, दहा मिनिटांवर होती. मृदुलाच्या मुलीच्या बारशाला त्यांनी मुद्दाम सुखडी करून पाठवली होती. मृदुला मागे गेली, पीच्या फळीवरून 'एम. पटेल' अशी पिशवी काढली आणि दोन्ही हातांनी दिली. वर सुनेची चौकशी केली. जन्मतारीख विचारणं तिच्या मनातही आलं नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बाईकडे दारातच आधार कार्ड मागतं का कुणी?

साडेपाचच्या सुमाराला मणिबेन पटेल यांची सून आली आणि तिने सासूबाईंची औषधं मागितली. मृदुलाने फळीवर हात घातला. 'एम. पटेल' अशी एक पिशवी होती. सून घाईत नव्हती म्हणून, की कॉलेजातली जुनी सवय जागी झाली म्हणून, कोण जाणे, पण मृदुलाने पत्ता वाचला. तो डेअरीचा होता.

म्हणजे मणिबेनची पिशवी दुपारी मंजुलाबेनना गेली होती. मणिबेनना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, जोरदार, मोजूनमापून दिलेल्या. मंजुलाबेन त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच रोज ॲस्पिरिन घेत. दोन्ही मिळून एका पंचाहत्तरीच्या बाईच्या पोटात काय होऊ शकतं, हे मृदुलाने ज्या पेपरात लिहिलं होतं, तोच पेपर एके काळी दुसऱ्या मृदुलाच्या नावावर गेला होता.

फोन डेअरीवर लागेना. "डेरेक, काउंटर बघ. मी माणूस चुकले," एवढंच म्हणून ती गाडीत बसली.

मंजुलाबेन डेअरीच्या मागच्या खोलीत टीव्हीसमोर बसल्या होत्या. पुढ्यात चहा, चहाशेजारी स्टीलची डबी. पिशवीतल्या गोळ्या त्यांनी डबीत काढून ठेवल्या होत्या आणि एक बशीत. संध्याकाळी घ्यायची असं लिहिलं होतं, म्हणून त्या सहा वाजायची वाट बघत होत्या. सहाला पाच मिनिटं होती.

"बेन, ही घेतली नाही ना? एकही?"

"ना रे. पण का?"

"ही तुमची नाही. माझी चूक झाली. गोळीचा रंग वेगळा दिसला नाही का तुम्हाला?"

"दिसला ने. गुलाबी." मंजुलाबेन शांतपणे म्हणाल्या. "मने लाग्यू, डॉक्टरने बदलली असेल. तू दिली म्हणजे बरोबरच असणार. तू तो आपणी दीकरी, आपली लेक."

मृदुलाने बशीतली गोळी उचलली, डबीतल्या मोजल्या, पिशवीवरच्या आकड्याशी ताडून पाहिल्या. सगळ्या होत्या. मग तिने चहा घेतला, कारण न घेता उठू दिलं नसतं, आणि पूर्ण वेळ तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. बाईने गुलाबी गोळी बघितली होती, शंका घेतली होती आणि ती शंका मृदुलाच्या तोंडाकडे बघून गिळली होती. आणखी पाच मिनिटांनी गोळीही गिळली असती.

सोमवारी तिने घडल्या प्रकाराचा अहवाल स्वतःच्या हाताने लिहून डेरेकच्या टेबलावर ठेवला. डेरेक पन्नाशीचा, मवाळ माणूस. भांडणापेक्षा त्याला मासेमारी आवडायची.

"काही झालं नाही ना? मग झालं. स्वीट ॲज, सगळं मस्त," तो म्हणाला.

"मला टोपली काढायची आहे."

"कुठे?"

"कुठेच नाही. काढून टाकायची आहे. स्मिथांना जे विचारतो ते सगळ्यांना विचारायचं. नाव, जन्मतारीख, पत्ता. आणि पिशवी उघडून गोळ्या दाखवायच्या. प्रत्येकाला."

"मृदुला, हे विमानतळ नाही."

"मी या गोळ्यांवर चार वर्षं परीक्षा दिल्या आहेत, डेरेक. शुक्रवारी संध्याकाळी पाच मिनिटं उशीर झाला असता तर नोंदणीचं राहू दे, मला त्या बाईच्या मुलाला तोंड दाखवता आलं नसतं. पुढच्या वेळी मी गाडीत असेन की नाही, माहीत नाही."

बेवबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवरून काढून गळ्यात सोडला. हे त्यांचं रागावणं.

"टोपलीने सव्वीस वर्षांत एक चूक केलेली नाही," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणतेय मी. टोपली चांगली आहे. म्हणूनच फक्त तीन पिशव्यांना पुरवून चालणार नाही."

त्या आठवड्यात मृदुलाने जेवणाच्या सुट्टीत संगणकातून आडनावांची यादी काढली. २०११मध्ये स्मिथ त्रेचाळीस, सिंग बारा, पटेल चौदा, कौर नऊ. २०१६मध्ये स्मिथ सतरा, सिंग अठ्ठावन्न, पटेल सत्तेचाळीस, कौर एक्कावन्न. कागद तिने डेरेकपुढे ठेवला. डेरेकने तो भरतीओहोटीचं वेळापत्रक वाचावं तसा वाचला. बेवबाईंनी मात्र कागद हातात घेऊन स्मिथांच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सतराच?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

"मला वाटत होतं तीसेक असतील." मग त्या बोटांवर स्वतःशीच मोजू लागल्या. टॉरंगा चार. ऑस्ट्रेलिया पाच. वृद्धाश्रम तीन. बाकीच्यांच्या दफनाला त्या स्वतः हजर होत्या. "सगळ्यांना पोचवून आले मी," त्या म्हणाल्या, "पण टोपली कधी रिकामी झाली ते कळलं नाही."

तरी त्या मान्य झाल्या नाहीत. ओळखीच्या माणसाला ओळख विचारणं त्यांच्या हिशेबी उद्धटपणा होता. शेवटी डेरेकने तोडगा काढला. ऑक्टोबरचा एक महिना करून बघू, टोपली तोवर जागेवरच राहू दे. मॉलमध्ये स्वस्तातलं मोठं दुकान आहेच, गिऱ्हाईक चिडलं की तिकडे जाणार. बेव तक्रारी वहीत लिहील. महिन्यात दहा तक्रारी झाल्या तर टोपलीचा नियम परत, आणि पुन्हा हा विषय नाही.

"दहा म्हणजे दहा," डेरेक म्हणाला.

"चालेल," मृदुला म्हणाली.

घरी श्रीनाथने सगळं ऐकून घेतलं. "पण इथे प्रत्येकाला आरोग्याचा नंबर असतो ना? जगात एकमेव. नावगाव कशाला, नंबर विचारायचा. प्रश्न मिटला."

"तुझा काय आहे?"

श्रीनाथ भात कालवू लागला. "मी डेटाबेसबद्दल बोलत होतो," तो म्हणाला.

ऑक्टोबर सुरू झाला. मृदुलाची अपेक्षा होती की स्मिथ आनंदतील आणि बाकीचे थोडे कुरकुरतील. स्मिथांनी काहीच केलं नाही. ते सव्वीस वर्षं पत्ता सांगत होते, आताही सांगत राहिले. सिंगांनी एकदोनदा भुवया उंचावल्या आणि नंतर पिशवी उघडायच्या आत गोळ्यांची नावं स्वतःच म्हणून दाखवू लागले. पहिली लेखी तक्रार आली ती आपल्याच माणसांची. विनिता सबनीस या मराठी मंडळाच्या चिटणीस. गणपतीत त्यांनीच मृदुलाला मोदकांच्या समितीवर घेतलं होतं.

"जन्मतारीख सांगता का, विनिताताई?"

विनिताताईंनी मागे वळून रांग पाहिली. रांगेत मंडळाच्या आणखी दोन बायका होत्या.

"मृदुला, तू मला ओळखत नाहीस?"

"ओळखते ना. पण विचारावं लागतं. सगळ्यांनाच."

"अगं, गेल्या रविवारी तू माझ्या घरी मिसळ खाऊन गेलीस."

"छान होती. जन्मतारीख?"

विनिताताईंनी कागदावर लिहून दिली, कागद उलटा ठेवून, आणि घरी जाऊन डेरेकला इंग्रजीत लांबलचक ईमेल लिहिलं. त्यात 'अपमान' या अर्थाचे चार वेगवेगळे शब्द होते. वहीत क्रमांक एक.

विनिताताईंचे सासरे, बाळासाहेब, साताऱ्याहून मुलाकडे कायमचे आले होते. ते तिसऱ्या आठवड्यात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आले.

"जन्मतारीख, काका?"

"कुठली सांगू?"

"म्हणजे?"

"खरी की शाळेतली?"

शाळेतली, मृदुला म्हणाली, संगणकात तीच असणार. ती एक जून निघाली. खरी भाद्रपदातली होती आणि तिचं साल बाळासाहेबांच्या थोरल्या बहिणीला माहीत होतं, पण ती आता नव्हती. पुढच्याच तासात जालंधरकडचे एक म्हातारे सरदारजी आले, तेही एक जूनचे. बेवबाई शेजारच्या काउंटरवरून हे ऐकत होत्या.

"एक जूनला तुमच्याकडे काय सण असतो?" त्यांनी नंतर विचारलं.

"शाळेत नाव घालायचा," मृदुला म्हणाली. "मास्तर सगळ्यांना तीच तारीख देत असत."

"म्हणजे ही तारीखही स्मिथच निघाली."

"हो. म्हणून पत्ता विचारायचा. आणि पत्त्यावर एका घरात चार सिंग असतात, म्हणून गोळ्या दाखवायच्या."

 त्या संध्याकाळी बेवबाईंनी कुणी न सांगता एका कौरबाईंपुढे पिशवी उघडली आणि विचारलं, "ही कशासाठी घेता, लव्ह?" कौरबाईंनी थायरॉईड सांगितलं. पिशवीत थायरॉईडच होतं. बेवबाईंच्या तोंडावर किंचित निराशा दिसली, असं मृदुलाला वाटलं.

तक्रारी मात्र वाढत होत्या. वेळ जातो, ही तीन जणांची. लोकांसमोर गोळ्यांचं नाव घेतलं, ही एकाची; ती मृदुलाला पटली आणि तिने दुसऱ्या दिवसापासून काउंटरच्या टोकाला एक आडोसा केला. मंजुलाबेनच्या मुलाने तक्रार केली नाही. त्याने जाताना दुधाची बाटली ठेवली. एकोणतीस तारखेपर्यंत नऊ झाल्या. बेवबाई नऊ हा आकडा लिहिताना मृदुलाकडे पाहत नव्हत्या. डेरेक त्या दोन दिवसांत मासेमारीविषयी फार बोलला.

मृदुलाने मनाशी ठरवून टाकलं होतं. दहावी आली तर टोपलीचा नियम परत येईल, आणि त्या दिवशी ती राजीनामा देईल. गणित साधं होतं. ज्या काउंटरवर आपण माणूस चुकू शकतो आणि तरी विचारायचं नाही, तिथे उभं राहण्यापेक्षा घरी बसून दुसरीकडे अर्ज करणं बरं. अर्ज करण्यात तिचा हात बसलेला होता. हे तिने श्रीनाथला सांगितलं. तो फक्त म्हणाला, "हप्ते माझ्या पगारात बसतील. बघू." 

एकतीस तारखेच्या टपालात पत्र आलं. निळी शाई, टपोरं अक्षर, वर लिहिलेलं : तक्रार. डेरेकने ते उघडलं, पहिली ओळ पाहिली आणि बेवबाईंकडे दिलं. "दहा," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"आधी वाचा तरी," मृदुला म्हणाली. "मोठ्याने."

बेवबाईंनी चष्मा चढवला. पत्र जीन स्मिथ यांचं होतं. बेवबाईंची गप्प स्मिथ. पंच्याऐंशीची, विधवा, सव्वीस वर्षं दर महिन्याला येणारी आणि धन्यवादापलीकडे न बोलणारी.

'मी तुमच्या दुकानात १९९०पासून येते,' पत्रात होतं. 'तेव्हापासून दर वेळी मला रांगेसमोर माझी जन्मतारीख आणि पत्ता सांगावा लागला. माझ्या पुढच्या बाईला विचारत नसत, मागच्या बाईला विचारत नसत. फक्त मला. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. मला वाटे, आमच्या घरातल्या कुणीतरी कधीतरी तुमच्याकडून काही चोरलं असेल. मी हे माझ्या नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, त्याने तरी नाही. तो २००९मध्ये गेला तेव्हाही माझं पूर्ण समाधान झालेलं नव्हतं. लग्नाआधी माझं आडनाव ट्रेगर्था होतं आणि त्या नावावर कुणी कधी संशय घेतला नाही. गेल्या मंगळवारी तुम्ही माझ्या पुढच्या पगडीवाल्या गृहस्थांना विचारलंत आणि माझ्या मागच्या तरुण मुलीलाही विचारलंत. मी घरी जाऊन चहा केला आणि मला फार बरं वाटलं. माझी तक्रार अशी की हे करायला तुम्हाला सव्वीस वर्षं का लागली.'

बेवबाईंनी पत्राची घडी केली. पुन्हा उघडली.

"आम्ही तिला कधी सांगितलंच नाही?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते स्पष्ट नव्हतं. "मला वाटलं, तिला माहीत आहे. सगळ्या स्मिथांना माहीत असणार असं मी धरूनच चालले होते."

"मलाही मंजुलाबेनबद्दल असंच वाटलं होतं," मृदुला म्हणाली. "की ओळखते मी."

डेरेक खिडकीबाहेर बघत होता. "तरी आकडा दहाच होतो," तो म्हणाला. शब्दाचा पक्का असण्याचं त्याला स्वतःलाच ओझं झालं होतं.

बेवबाईंनी वही ओढली. दहा हा आकडा लिहिला. मग त्याच्यापुढे सावकाश, प्रत्येक अक्षर कोरत, लिहिलं : 'उपाय आधीच केला आहे.' आणि आकड्यावर आडवी रेघ मारली.

"ही धरता येत नाही, डेरेक. तिची तक्रार आपण महिन्यापूर्वीच मिटवली." त्या उठल्या, मागे गेल्या, टोपलीतल्या दोन पिशव्या एसच्या फळीवर, सिंगांच्या मध्ये, वर्णानुक्रमाने लावल्या आणि टोपली उपडी करून काखेत मारली. "हिला मी घरी नेते. कपड्यांचे चिमटे ठेवायला मोठी हवीच होती. आणि जीनला आजच फोन करते." दारापाशी थांबून त्या म्हणाल्या, "चोरलं म्हणे. बिचारा नवरा."

फोन पाऊण तास चालला. गप्प स्मिथ हे नाव त्यानंतर कुणी वापरलं नाही.

बेवबाई २०१८मध्ये निवृत्त झाल्या. २०१६च्याच नोव्हेंबरात विनिताताईंनी मृदुलाला मोदकांच्या समितीवरून काढलं होतं, ते पुढच्या वर्षी परत घेतलं, कारण उकड दुसऱ्या कुणाला जमेना. मंजुलाबेन दर महिन्याला काउंटरवर येऊन विचारायच्या आतच जन्मतारीख घोषित करतात, पाठ केलेल्या आरतीसारखी, आणि मग गोळ्यांचा रंग तपासतात. दुकानाच्या संगणकात २०१९च्या हिवाळ्यात स्मिथ अकरा होते आणि 'जे' स्मिथ एकच. जोशी मात्र पाच झाले होते, त्यातले दोन 'एम'. मृदुलाने स्वतःच्या पिशवीवर पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख असल्याची खात्री स्वतः केली. कुणाला पेढे वाटायची वेळ यायला नको.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी बेवबाई काठी टेकत आल्या. कंबरेचं ऑपरेशन झालं होतं. काउंटरवर सलोनी होती, नुकतीच लागलेली, हॅमिल्टनच्या रोटोटुनात वाढलेली मुलगी. मराठी समजायची, उत्तर इंग्रजीत द्यायची. तिने बेवबाईंना कधी पाहिलं नव्हतं.

"किआ ओरा," तिने इथला माओरी नमस्कार केला. "नाव, जन्मतारीख आणि पत्ता, प्लीज?"

बेवबाईंनी चष्मा काढून गळ्यात सोडला. सलोनीच्या खांद्यावरून त्यांनी मागे मृदुलाकडे बघितलं. मृदुलाने नजर मिळवली, मान हलवून नमस्कार केला आणि हातातल्या गोळ्या मोजत राहिली. बेवबाईंनी नाव सांगितलं. जन्मतारीख सांगितली, ती मृदुला समजत होती त्यापेक्षा चार वर्षं आधीची निघाली. पत्ता सांगितला. सलोनीने पिशवी उघडली, डबी दाखवली, कशासाठी घेता ते विचारलं. बेवबाईंनी तेही सांगितलं, आणि डबी हातात घेऊन वरचं नाव स्वतः वाचलं.

"कुणी शिकवलं गं हिला?" त्यांनी मृदुलाकडे बघत विचारलं.

"तुम्हीच," मृदुला म्हणाली. "मी फक्त टोपली मोठी केली."

बेवबाईंनी पिशवी काठीच्या मुठीला अडकवली. "चिमटे मावत नाहीत तिच्यात," त्या म्हणाल्या, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या सिंगला वाट दिली.